हाकेच्या अंतरावर

आमच्या नात्यागोत्यात कुणाचीही गाडी कुठेही चुकली की फोन मला येतो. "अरे, तुझ्या त्या जीपीएसनं आम्हाला थेट वीटभट्टीवर आणून सोडलंय!" यातला 'तुझ्या' हा शब्द जरा लांबवलेला असतो. माझा गुन्हा एवढाच की गेली वीस वर्षं मी उपग्रहांचे सिग्नल ऐकणाऱ्या रिसीव्हरच्या चिपमधलं सॉफ्टवेअर लिहितो. आमटी खारट झाली म्हणून कुणी पातेलं बनवणाऱ्या तांबटाला फोन करत नाही. पण माझ्या बाबतीत ही सवलत नाही.

गेल्या मे महिन्यात चिपळूणजवळच्या एका खेड्यात लग्न होतं. ठाण्याहून पहाटे निघालो. मी चाकावर, शेजारी मोबाइल सांभाळत ही, मागे मामा आणि आत्या. मामा पोस्टातून निवृत्त झालेत. अर्धवट पत्त्याची पाकिटं योग्य घरी पोचवण्यात हयात गेल्यामुळे यंत्रानं आपल्याला रस्ता सांगावा, हा त्यांना वैयक्तिक अपमान वाटतो. त्यांच्या मनगटावर चावीचं जुनं घड्याळ आहे. ते दहा मिनिटं पुढे असतं, आणि तेही मुद्दाम लावलेलं. एसटी चुकू नये म्हणून. पण दहा मिनिटं पुढे आहे हे त्यांना पाठ असल्यामुळे ते मनातल्या मनात दहा वजा करतात, आणि एसटी चुकते.

ठाणे सोडायच्या आधीच पहिली ठिणगी पडली. आम्ही उड्डाणपुलावर होतो आणि मोबाइलमधली बाई आम्हाला पुलाखालच्या सिग्नलला डावीकडे वळायला सांगत होती.

"वळ," मामा म्हणाले. "तुझीच बाई आहे. वळ आता पुलावरून डावीकडे."

मी सांगायचा प्रयत्न केला की उंचीच्या बाबतीत रिसीव्हर मुळातच थोडा लंगडा असतो. आडव्या पातळीत त्याला चारही बाजूंनी उपग्रह मिळतात, उंचीला मात्र सगळे वरच्याच बाजूचे. खालून ऐकू येणारा एकही नाही, कारण मध्ये अख्खी पृथ्वी आहे. त्यामुळे तुम्ही कुठे आहात हे तो बरं सांगतो, किती उंचावर आहात ते त्याहून वाईट. मामा म्हणाले, "आमच्या साहेबांचंही तसंच होतं."

पेण गेल्यावर आत्यानं विचारलं, "ती बाई आपल्याला बघतेय तरी कुठून?" आणि साडीचा पदर सारखा केला.

हा गैरसमज सार्वत्रिक आहे. चांगले शिकलेले लोकही समजतात की वर बसलेला उपग्रह आपल्याकडे टक लावून पाहतो आणि आपण कुठे आहोत ते खाली कळवतो. वस्तुस्थिती अशी, की उपग्रहाला तुम्ही जन्माला आलात हेसुद्धा ठाऊक नाही. तो साधारण २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरताना अखंड एकच पालुपद लावून असतो: मी अमुक क्रमांकाचा, माझी कक्षा अशी अशी, आणि आत्ता माझ्या घड्याळात इतके वाजलेत. खाली कुणी ऐकतंय का, याची त्याला पर्वा नाही. रिसीव्हरही त्याला उलट काही बोलत नाही. तो फक्त ऐकतो. इतकं ऐकून घेणारं आणि उलट न बोलणारं माझ्या पाहण्यात दुसरं काही नाही. हे वाक्य मी गाडीत मोठ्यानं म्हणालो. हिनं मोबाइलमधून मान वर काढून एकदा पाहिलं, एवढंच.

अंतर कसं कळतं, ते मराठी माणसाला खरं तर समजावायलाच नको. आपण 'हाकेच्या अंतरावर' म्हणतोच ना? उपग्रहानं हाक मारली तेव्हा त्याच्या घड्याळात किती वाजले होते ते हाकेतच सांगितलेलं असतं. आपल्याला ती ऐकू आली तेव्हा किती वाजले ते आपण बघायचं. वजाबाकी केली की हाक किती वेळ वाटेत होती ते कळतं, आणि तिला प्रकाशाच्या वेगानं गुणलं की अंतर. उपग्रह अगदी डोक्यावर असेल तर ही हाक सेकंदाच्या साधारण पंधराव्या भागात पोचते.

पण पोचते ती कुठल्या अवस्थेत! निघताना तिची ताकद जेमतेम जुन्या पिवळ्या बल्बाएवढी. इथं पोचेपर्यंत एका वॅटचे एकावर सोळा शून्यं इतके भाग केले, तर त्यातला एक उरतो. आजूबाजूचा विजेचा गोंगाट तिच्या पन्नासएक पट मोठा. म्हणजे हाक गोंगाटात बुडालेली नाही, गोंगाटाच्या तळाशी गाळात रुतलेली आहे. ती उचलायला सगळ्यात वर असतो अँटेना. जरा मोठ्या यंत्रांमध्ये तो सिरॅमिकचा, इंचभर लांबीरुंदीचा चौकोन असतो. दिसायला अगदी खोबऱ्याची वडी. कार्यालयात एकदा एका पाहुण्यानं तो बशीतून उचलला होता. (बशीत का ठेवला होता, हा प्रश्न वेगळा.)

या वडीला सोवळंओवळं कळतं. उपग्रहाकडून निघालेली लहर मळसूत्रासारखी उजवीकडे पीळ घेत येते. वाटेत इमारतीवर किंवा कड्यावर आपटून परतली की तिचा पीळ उलटा, डावीकडचा होतो. वडी उजव्या पिळासाठी घडवलेली असते. डाव्या पिळाची लहर ती, डाव्या हातानं पुढे केलेल्या प्रसादाकडे आजी बघायची तशी बघते. पूर्ण नाकारत नाही, पण मनापासून घेतही नाही. मोबाइलमध्ये मात्र जागाच नसते. तिथला अँटेना म्हणजे कडेला दडपलेली एक पट्टी, आणि तिला डावंउजवं काही नाही, जे येईल ते पोटात. म्हणून ठाण्याच्या उंच टॉवरांमध्ये तुमचा निळा ठिपका शेजारच्या सोसायटीत शिरतो. टॉवरवर आपटून आलेली हाक वाट वाकडी करून आल्यामुळे उशिरा पोचते, आणि उशीर म्हणजे जास्त अंतर, असा रिसीव्हरचा बिचाऱ्याचा हिशेब. यावर आमचा एक जुना नियम आहे: जी मोठ्यानं येते ती नव्हे, जी आधी येते ती हाक खरी.

वडीच्या मागे लगेच एक छोटा ॲम्प्लिफायर असतो. त्याचं महत्त्व मी आत्याला कानगोष्टीच्या खेळावरून सांगितलं. पहिल्याच पोरानं चुकीचं ऐकलं, की पुढच्या दहा जणांचे कान कितीही तयार असोत, शेवटी बाहेर भलतंच येणार. मग एक चाळणी लागते, कारण त्याच मोबाइलमध्ये, बोटभर अंतरावर, टॉवरशी बोलणारा ट्रान्समीटर बोंबलत असतो. मग पट्टी उतरवायची. मूळ सूर १५७५.४२ मेगाहर्ट्झचा, फारच वरचा. गवयानं काळी पाचमध्ये म्हटलेलं घरच्या पेटीवर पांढरी एकमध्ये आणावं, तसा तो खाली आणतात. चीज तीच राहते. आणि शेवटी त्याचे आकडे करायचे. इथं लोकांना वाटतं, एवढ्या नाजूक सिग्नलसाठी केवढी बारीक मोजपट्टी लागत असेल! एका किंवा दोन बिटांत काम भागतं. एका बिटाची मोजपट्टी म्हणजे दर क्षणी फक्त 'हो' किंवा 'नाही'. आमच्या वडिलांशी संपूर्ण बालपण मी याच मोजपट्टीवर संवाद केला आणि मला सगळं नीट कळत असे.

माणगावला चहा झाला. टपरीवर कुठल्याशा देवळातली आरती लावलेली होती, आणि मला एकदम सुचलं की रिसीव्हरच्या काळजाची गोष्ट सांगायला याहून सोपं काही नाही.

गणपतीत घरी आरती कशी होते ते आठवा. झांजा, टाळ्या, घंटा, शेजारच्या मंडळाचा स्पीकर. शब्द कुणाचाच धड ऐकू येत नाही. तरीही उशिरा आलेला माणूस चपला काढता काढता बरोबर त्याच ओळीवर सुरू होतो. कसा? कारण त्याला आरती पाठ आहे. ऐकू येणाऱ्या कालव्यावर तो आपल्या मनातली आरती मागेपुढे सरकवून बघतो आणि जिथं चपखल बसते तिथं घुसतो. रिसीव्हर हेच करतो. प्रत्येक जीपीएस उपग्रहाची आपली एक ठरलेली आरती आहे, १०२३ अक्षरांची, एक आणि शून्य एवढ्या दोनच अक्षरांतली, आणि एका मिलिसेकंदात म्हणून संपणारी. सगळे उपग्रह एकाच सुरात, एकाच वेळी, आपापली वेगळी आरती म्हणत असतात. या आरत्या रचल्यातच अशा, की एकीवर दुसरी ठेवली तर काही केल्या जुळत नाही. रिसीव्हरला त्या सगळ्या पाठ. तो एकेक घेऊन सरकवत जातो. एका अक्षरानंही चुकलं तर हाती नुसती खरखर. बरोबर बसली, की १०२३ क्षीण अक्षरं एकत्र येऊन गोंगाटातून एकदम वर येतात. शिवाय उपग्रह सेकंदाला जवळपास चार किलोमीटर धावत असल्यामुळे त्याचा सूरही चढतो-उतरतो. म्हणजे ओळही शोधायची आणि पट्टीही. हजारो जागा तपासाव्या लागतात, आणि चिप ते काम ओठ न हलवता करते.

खरी कारागिरी पुढे आहे. एकदा ओळ सापडली, की ती हातची जाऊ द्यायची नाही. त्यासाठी चिपमध्ये प्रत्येक उपग्रहामागे तिघं जण बसवलेले असतात. एक किंचित आधी म्हणतो, एक बरोबर वेळेवर, एक किंचित मागाहून. हे त्रिकूट कुठल्याही घरच्या आरतीत सापडेल. आमच्याकडे आधी म्हणणारे मामा. त्यांना आरती संपवून मोदकांकडे जायचं असतं. मागाहून आत्या, कारण तिचा प्रत्येक ओळीच्या शेवटच्या अक्षरावर जीव असतो. रिसीव्हर आधीच्या आणि मागच्याचं मोजमाप घेतो. दोघं सारखेच बेसूर लागले, म्हणजे मधला बरोबर. आधीचा जास्त जुळायला लागला, तर आपण मागे पडलोय, जरा उरका. मागचा जास्त जुळला, तर दमानं घ्या. गंमत बघा, मधला बरोबर आहे की नाही हे मधल्याला विचारून कळत नाही. ते कळायला दोन चुकणारे लागतात.

"म्हणजे मी चुकते?" आत्या म्हणाली. माणगाव ते महाड गाडीत कुणी बोललं नाही.

पोलादपूरच्या पुढे मामांनी स्वतःचा फोन काढला. चार महिने कपाटात बंद. सिम कार्ड नाही. "माझ्यात बघू काय दाखवतं," म्हणून त्यांनी तो सुरू केला. याला आमच्या धंद्यात कोल्ड स्टार्ट म्हणतात. दुपारी भरपेट जेवून झोपलेल्या माणसाला संध्याकाळी सहाला हलवून उठवलं, की तो जसा 'शाळेत जायचंय का' असं विचारतो, तशी ही अवस्था. आपण कुठे आहोत, आज वार काय, आकाशात कोण कोण आहे, काही ठाऊक नाही. आठवड्याचीसुद्धा पंचाईत. जीपीएसच्या मूळ संदेशात आठवडे मोजायला दहाच बिट ठेवलेत, त्यामुळे १०२४ आठवडे झाले की मोजणी पुन्हा शून्यावर. तशी ती २२ ऑगस्ट १९९९ला झाली, ७ एप्रिल २०१९लाही झाली, आणि काही जुनाट यंत्रं त्या दिवशी वीस वर्षं मागे जाऊन जागी झाली. यावर हसू नये. आपणही साठ संवत्सरं संपली की पुन्हा प्रभवपासून सुरू करतो.

आपल्या मोबाइलला ही माहिती टॉवर परस्पर पुरवतो म्हणून तो झटकन उठतो. मामांच्या फोनला ती उपग्रहांच्या तोंडूनच घ्यायची होती, आणि उपग्रह सांगतो सेकंदाला ५० बिट या वेगानं. त्याची स्वतःची कक्षा आणि घड्याळाची दुरुस्ती एवढं तरी ऐकायला ३० सेकंदांचा फेरा. मध्ये झाड आलं, वळण आलं, तर राहिलेल्या भागासाठी पुढचा फेरा. सगळ्या उपग्रहांची कुंडली हवी असेल तर साडेबारा मिनिटं. मामा खिडकीतून हात बाहेर काढून फोन आकाशाला दाखवत बसले. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला वाटलं आम्ही वळतोय.

त्यात कशेडीचा बोगदा आला. वर डोंगर, हाका बंद. तरी हिच्या मोबाइलवरचा निळा ठिपका शिस्तीत पुढे सरकत होता. "आता कुणाचं ऐकतोय?" आत्यानं विचारलं. म्हणजे बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. मी म्हटलं, कुणाचंच नाही, पूर्वग्रहावर चाललाय. रुडॉल्फ कालमन नावाच्या गणितज्ञानं १९६०मध्ये मांडलेली ही रीत आहे. जुनं मत एकदम सोडायचं नाही, नवा पुरावा आला की तो किती भरवशाचा ते बघून तेवढ्यापुरतं मत हलवायचं. पुरावाच नसेल, तर गाडी होती त्याच वेगानं चालली आहे असं धरायचं. आत्यानं मान डोलावली. धाकट्या जावेबद्दल ती पस्तीस वर्षं हीच रीत वापरते आहे. फक्त नवा पुरावा तिला कधी भरवशाचा वाटलेला नाही.

खेडच्या पुढे विषय घड्याळावर आला आणि मामांनी मला चारी मुंड्या चीत केलं.

झालं असं, की मी त्यांना चौथ्या उपग्रहाचं रहस्य सांगत होतो. तीन उपग्रहांपासूनची अंतरं कळली की जागा पक्की व्हायला हवी. मग आम्ही चार का मागतो? कारण उपग्रहात अणुघड्याळ असतं आणि रिसीव्हरमध्ये स्वस्तातला क्रिस्टल. अणुघड्याळ बसवायचं म्हटलं तर फोन फ्लॅटच्या भावात जाईल. आणि घड्याळ एका मायक्रोसेकंदानं जरी चुकलं, तरी अंतर ३०० मीटरनं चुकतं. त्यामुळे मोजलेली सगळी अंतरं चुकीची. आमच्या धंद्यात त्यांना सरळ स्यूडोरेंज म्हणतात, म्हणजे खोटं अंतर. एवढा प्रामाणिक शब्द बिल्डरांच्या धंद्यात कधी येईल असं वाटत नाही. पण खुबी अशी, की रिसीव्हर सगळ्यांशी सारखंच खोटं बोलतो. घड्याळ एकच, तेव्हा चूकही प्रत्येक अंतरात तेवढीच. चौथा साक्षीदार आला की बाकीच्या तिघांशी त्याचा मेळ बसत नाही, आणि मेळ बसवायला सगळ्यांतून किती वजा करावं लागतं, तीच आपल्या घड्याळाची चूक. थोडक्यात, तीन उपग्रह आपण कुठे आहोत ते सांगायला, आणि चौथा आपलं घड्याळ किती चुकतंय ते सांगायला.

मी मामांच्या मनगटाकडे आरशातून सूचक नजर टाकली. त्यांनी घड्याळावर बाही ओढली.

"आणि वरची घड्याळं? ती अगदी बरोबर?"

इथं मी खोटं बोलू शकलो असतो. पण व्यवसायाशी इमान आड आलं. म्हटलं, वरची घड्याळं मुद्दाम चुकीची लावून पाठवतात. आइनस्टाइनच्या हिशेबानं, वर गुरुत्वाकर्षण कमी म्हणून घड्याळ पुढे पळतं आणि वेगामुळे थोडं मागे पडतं. गोळाबेरीज दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे, आणि तेवढ्या वेळात प्रकाश अकरा किलोमीटरच्या वर जातो. म्हणून जमिनीवर असतानाच ती किंचित हळू चालतील अशी करून ठेवतात.

गाडीत शांतता पसरली. मग मामांनी बाही वर केली, हात खिडकीच्या चौकटीवर ठेवला आणि परशुराम घाट येईपर्यंत तो तसाच, सगळ्यांना दिसेल असा ठेवला.

घाटात त्यांनी आणखी एक हात मारला. "आपलं नाविक का नाही वापरत?" म्हटलं, बरेच नवे फोन वापरतात. आपले उपग्रह मोजून सात ठरले होते, पण ३६,००० किलोमीटरवर, कायम आपल्याच बाजूला. पहिला १ जुलै २०१३ला गेला आणि पुढे त्याची तिन्ही अणुघड्याळं बंद पडली. घड्याळ गेलं की असा उपग्रह नुसता फिरता. २०२३च्या उपग्रहात मग अहमदाबादला बनवलेलं आपलं स्वतःचं घड्याळ बसवलं. "चावीचं बसवायला हवं होतं," मामा म्हणाले.

चिपळूणनंतर हमरस्ता सुटला. डांबरी सुटली. लाल मातीची वाट, दोन्हीकडे गडगे, गाडीच्या आरशांना करवंदीच्या जाळ्या घासू लागल्या. आणि एका आंब्याखाली, चिऱ्यांनी बांधलेल्या एका विहिरीसमोर बाई प्रसन्न आवाजात म्हणाली, "तुम्ही तुमच्या ठिकाणी पोहोचला आहात."

मांडव नाही. माणूस नाही. विहिरीवर एक पंप.

"उतरा," मामा म्हणाले. "लग्न लागतंय आत." आणि त्यांनी आपला फोन पुढे केला. तो अखेर जागा झाला होता आणि हिनं आधीच त्यात टाकून दिलेली खूण त्याच विहिरीवर दाखवत होता. "दोन्ही यंत्रं वेडी."

मी सांगत होतो की रिसीव्हर फक्त अक्षांश-रेखांश सांगतो. त्याला रस्ता म्हणजे काय, विहीर म्हणजे काय, लग्न म्हणजे काय, काहीएक माहीत नसतं. नकाशा वेगळा आणि खूण टाकणारा वेगळा. एवढ्यात पंपाच्या खोपटातून एक आजोबा बाहेर आले.

"लग्नाला ना? आजची ही चौथी गाडी."

"इथं कशी काय?"

"अहो, नवरा मुलगा पोहायला येतो हितं. परवा या चिऱ्यावर बसून त्यानं सगळ्यांना ते लोकेशन का काय ते पाठवलंन. पहिल्या तीन गाड्यांना मला कळेना. तिसरा माणूस फोन दाखवून गेला तेव्हा समजलं."

मला गहिवरून आलं. मी चिऱ्यापासून गाडीपर्यंत पावलं मोजली. पाच! वीस हजार किलोमीटरवरून आलेल्या, गोंगाटाच्या गाळात रुतलेल्या हाकांवरून त्या यंत्रानं आम्हाला जिथं नवरा मुलगा ओल्या चड्डीवर बसला होता त्या दगडापासून पाच पावलांवर आणून उभं केलं होतं. मी हे सगळ्यांना सांगितलं. पुन्हा एकदा सांगितलं.

"नवरा मुलगा आहे का आत्ता तिथं?" आत्यानं विचारलं.

आजोबांनी हात हवेत कुठंतरी फिरवला, "हे इथंच, हाकेच्या अंतरावर," म्हणाले आणि पंप बघायला गेले. पंप बंद झाला. आणि खरंच हाक आली. लाउडस्पीकरवर मंगलाष्टकं सुरू झाली होती. उजवीकडे दाट आमराई, डावीकडे डोंगराचा उभा कडा. प्रत्येक 'सावधान' दोनदा ऐकू येत होतं. आधी आमराईच्या बाजूनं, झाडांतून गाळून आल्यासारखं, बारीक. मग क्षणभरानं कड्याकडून, खणखणीत.

मामांनी कानामागे हात धरला. मनगटावरचं घड्याळ उन्हात चमकलं.

"डोंगराकडे," ते म्हणाले. "आवाज बघ केवढा मोठा येतोय. चल, दहा मिनिटं आहेत अजून."

हिनं मोबाइल पर्समध्ये टाकला. आत्या आत बसून डोंगराकडे बोट दाखवू लागली. तीन मतं एका बाजूला. मी गाडी मागे घेतली आणि डावीकडे वळवली.